मिनामाता : आधी आरोपी कोण?

मिनामाताची गोष्ट बहुतेक वेळा मांजरांपासून सुरू होते. जपानच्या क्यूशू बेटावरचं कोळ्यांचं गाव, तिथली मांजरं वेड्यासारखी गोल गोल फिरू लागली, समुद्रात पडून मेली, मग माणसं आजारी पडली, आणि शेवटी कळलं की चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून समुद्रात पारा जात होता. शाळेच्या पुस्तकातही ती साधारण अशीच असते. गोष्ट खरी आहे, पण ती आजाराची गोष्ट आहे. मला गुन्ह्याची गोष्ट वाचायची होती. म्हणून मी एक साधा उद्योग केला. मिनामाताशी संबंधित फौजदारी खटले तारखेप्रमाणे एकाखाली एक लिहून काढले. दिवाणी दावे, भरपाईचे करार, समित्यांचे अहवाल बाजूला ठेवले. फक्त एवढंच पाहिलं की सरकारनं कोणाला, कधी आणि कशासाठी आरोपी केलं.

यादी लहान आहे. पहिले आरोपी मच्छीमार. दुसरा आरोपी एक रुग्ण. तिसऱ्या क्रमांकावर कंपनीचे दोन अधिकारी येतात, तेही आजाराची अधिकृत नोंद झाल्यानंतर वीस वर्षांनी.

हा क्रम असा का लागला, हे समजून घेण्यासाठी आधी कोणाला काय आणि केव्हा माहीत होतं ते पाहावं लागतं.

माहीत होतं, पण…

चिस्सोचा मिनामातातला कारखाना 1908 सालचा. 1932पासून तिथे असिटाल्डिहाइड बनू लागलं. प्लॅस्टिक मऊ करणाऱ्या रसायनांपासून अनेक गोष्टींसाठी ते लागतं. ते बनवताना पाऱ्याचं संयुग उत्प्रेरक म्हणून वापरत, आणि त्या प्रक्रियेत थोडा मिथाइल पारा तयार होई. तो सांडपाण्याबरोबर खाडीत जाई, तिथून शिंपल्यांत, माशांत आणि शेवटी माणसांत.

1 मे 1956 रोजी कारखान्याच्याच इस्पितळाचे प्रमुख डॉक्टर होसोकावा हाजिमे यांनी आरोग्य केंद्राला कळवलं की मेंदूवर परिणाम करणाऱ्या एका अनोळखी आजाराचे रुग्ण येत आहेत. पहिल्या रुग्णांमध्ये दोन लहान बहिणी होत्या. ही तारीख आजाराच्या ‘अधिकृत शोधा’ची मानली जाते. खाडीतली मासळी खाण्याशी या आजाराचा संबंध आहे, हे लवकरच स्पष्ट झालं. 1957मध्ये कुमामोतो प्रांताच्या प्रशासनानं अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली खाडीतली मासळी विकायला बंदी घालण्याचा विचार केला आणि केंद्राच्या आरोग्य खात्याला विचारलं. उत्तर आलं की खाडीतले सगळेच्या सगळे मासे विषारी आहेत असा स्पष्ट पुरावा नाही, तेव्हा हा कायदा लावता येणार नाही.

या उत्तरापाशी थोडं थांबू या. एखाद्या खानावळीत जेवून वीस माणसं आजारी पडली, तर तिथली प्रत्येक पोळी विषारी असल्याचं सिद्ध होईपर्यंत कुणी थांबत नाही. खानावळ आधी बंद होते, तपास मागाहून होतो. इथे उलटं झालं. शिवाय पुराव्याचा भार जो खातो त्याच्यावर पडला. जो ओततो तो मोकळाच राहिला.

1958च्या सप्टेंबरमध्ये कंपनीनं सांडपाण्याची वाट बदलली. आधी ते ह्याक्केन बंदराकडे जाई, आता ते मिनामाता नदीच्या मुखाशी सोडलं जाऊ लागलं. परिणाम असा, की खाडीपुरता असलेला आजार शिरानुई समुद्राच्या किनाऱ्यावर पसरू लागला. 1959च्या जुलैत कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवलं. त्याच वर्षी होसोकावांनी कारखान्याचं असिटाल्डिहाइड विभागातलं सांडपाणी थेट एका मांजराच्या अन्नात मिसळून पाहिलं. प्रयोगातल्या या मांजराचा क्रमांक 400. ऑक्टोबरमध्ये त्या मांजराला तसेच झटके येऊ लागले. कंपनीनं हा निष्कर्ष बाहेर जाऊ दिला नाही आणि प्रयोग थांबवायला लावला. होसोकावांनी ही हकिगत कोर्टाला सांगितली ती 1970मध्ये, इस्पितळात कर्करोगाशी झगडत असताना. त्याच वर्षी ते वारले.

म्हणजे 1959 संपताना विद्यापीठाला कारण दिसलं होतं, कंपनीच्या डॉक्टरनं ते मांजरावर पडताळलं होतं आणि सरकारच्या टेबलावर कागद होते. असिटाल्डिहाइडचं उत्पादन मात्र वाढत गेलं. ते शिखरावर पोचलं 1960मध्ये.

पहिला खटला : फोडलेल्या काचा

2 नोव्हेंबर 1959. संसदेचे काही सदस्य पाहणीसाठी मिनामाताला आले होते. शिरानुईच्या किनाऱ्यावरचे सुमारे दोन हजार मच्छीमार गावात जमले. मासळी कुणी घेत नव्हतं, होड्या काठावर पडून होत्या, घराघरांत आजारी माणसं होती. सांडपाणी थांबवा, एवढी त्यांची मागणी. कंपनीनं भेट नाकारली. जमाव फाटकातून आत घुसला, कचेरीची मोडतोड झाली, पोलिसांशी झटापट झाली, दोन्हीकडची माणसं जखमी झाली.

आता यंत्रणा हलली. तपास झाला, आरोपपत्रं झाली, मच्छीमारांचे पुढारी कोर्टात उभे राहिले आणि दोषी ठरले. त्यासाठी विद्यापीठाचा अहवाल लागला नाही, समिती नेमावी लागली नाही. कुणी काच फोडली, कुणी टेबल उलटवलं, याला साक्षीदार होते. नुकसानीचा आकडा होता. गुन्ह्याची वेळ आणि जागा ठरलेली होती.

मी कायद्याच्या बाजूनंही विचार करून पाहतो. पोलिसांनी मोडतोडीकडे काणाडोळा करायला हवा होता का? तसं म्हणता येणार नाही. पण एकाच गावात, एकाच वर्षात दोन नुकसानं झाली होती. एक कचेरीचं, दुसरं माणसांच्या मेंदूचं. पहिल्याची फिर्याद नोंदवली गेली. दुसऱ्याबद्दल फिर्याद कुठे नोंदवायची हेच कुणाला सुचलं नाही. सांडपाण्यावर नियंत्रण ठेवणारे कायदे 1958मध्येच झाले होते, मासेमारीचे प्रांतिक नियमही होते. ते कपाटात राहिले.

त्या वर्षाचा शेवट एका करारानं झाला. 30 डिसेंबर 1959 रोजी कंपनीनं रुग्णांच्या कुटुंबांना पैसे देऊ केले. प्रौढ रुग्णाला वर्षाला 1 लाख येन, लहान मुलाला 30 हजार, मृत्यूबद्दल 3 लाख. या पैशांना ‘मिमाईकिन’ म्हटलं गेलं. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण पाकिटात घालून देतो, तसले पैसे. शब्द मुद्दाम निवडलेला होता. भरपाई म्हटलं की चूक कबूल होते, मिमाईकिन म्हटलं की केवळ माणुसकी उरते. करारात एक कलम होतं की पुढे आजाराचं कारण कारखाना असल्याचं सिद्ध झालं, तरी रुग्ण आणखी काही मागणार नाहीत. मांजर क्रमांक 400चा निकाल हाती असलेली कंपनी ही अट घालत होती. समोर सही करणाऱ्यांना मांजराची काही कल्पना नव्हती.

त्याच महिन्यात कारखान्यात सांडपाणी शुद्ध करणारं नवं यंत्र थाटामाटात बसवलं गेलं. सेंद्रिय पारा काढण्याचं काम ते करतच नव्हतं. पण लोकांना वाटलं, प्रश्न मिटला. पुढची काही वर्षं मिनामाता बातम्यांतून जवळजवळ नाहीसं झालं.

दुसरा खटला : पायरीवर बसलेला माणूस

1965मध्ये दूर निइगाता प्रांतात, आगानो नदीच्या काठी, तोच आजार सापडला. कारखाना दुसऱ्या कंपनीचा होता, पण प्रक्रिया तीच. त्यामुळे जुनं प्रकरण पुन्हा वर आलं. सरकारनं चिस्सोचा पारा हेच कारण असल्याचं अधिकृतपणे मान्य केलं ते 26 सप्टेंबर 1968 रोजी. मिनामातातलं असिटाल्डिहाइडचं उत्पादन त्याआधी चार महिने, मे महिन्यात, बंद झालं होतं. तंत्र जुनं झालं होतं. कारखान्याला ते लागेनासं झालं, मगच सरकारला कारण दिसलं. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की फार काही बोलावं लागत नाही.

1969मध्ये 29 कुटुंबांनी कंपनीविरुद्ध दिवाणी दावा लावला. पण ज्यांना रुग्ण म्हणून अधिकृत मान्यताच मिळाली नव्हती, त्यांचं काय? अशांपैकी एक कावामोतो तेरुओ. कोळ्याचा मुलगा. वडील याच आजारानं गेले, पण रुग्ण म्हणून त्यांची नोंद झाली नाही. कावामोतोंनी गावोगाव सायकलवर फिरून लपलेले रुग्ण शोधले, आपला नाकारलेला अर्ज वरपर्यंत नेला आणि 1971मध्ये मान्यता मिळवली. मग त्यांनी कंपनीला सरळ सांगितलं, आमच्याशी समोरासमोर बोला. कंपनी टाळू लागली, तेव्हा डिसेंबर 1971पासून ते आणि त्यांचे साथीदार टोकियोतल्या मुख्य कचेरीत ठाण मांडून बसले. हे आंदोलन दीड वर्षाहून अधिक चाललं.

त्या काळात झटापटी झाल्या. जानेवारी 1972मध्ये कंपनीच्या गोई इथल्या कारखान्यात गेलेल्या रुग्णांना आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांना कर्मचाऱ्यांनी मारहाण केली. त्यात अमेरिकी छायाचित्रकार यूजीन स्मिथ गंभीर जखमी झाले. या मारहाणीबद्दल कंपनीच्या माणसांवर खटला चालला नाही. पण टोकियोच्या कचेरीत झालेल्या धक्काबुक्कीत कर्मचाऱ्यांना इजा केल्याबद्दल डिसेंबर 1972मध्ये सरकारी वकिलांनी कावामोतोंवर आरोप ठेवला.

आजाराच्या अधिकृत शोधाला तेव्हा सोळा वर्षं झाली होती. शेकडो माणसं रुग्ण म्हणून नोंदली गेली होती, कित्येक मेली होती. आणि पिंजऱ्यात उभा होता एक रुग्ण.

खालच्या कोर्टानं 1975मध्ये कावामोतोंना 50 हजार येन दंड ठोठावला आणि तो स्थगित ठेवला. कोर्टाच्या परीनं हे सौम्यच होतं. पण कावामोतोंना सौम्यपणा नको होता. आपल्यावर खटला भरणंच अन्यायाचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. 14 जून 1977 रोजी टोकियोच्या उच्च न्यायालयानं हे म्हणणं उचलून धरलं आणि आरोपपत्रच रद्द केलं. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं. सरकारी वकिलांना कोणावर खटला भरायचा हे ठरवायचा अधिकार आहे, पण त्या अधिकारालाही मर्यादा असते. कंपनीचं सांडपाणी वाहत होतं तेव्हा यंत्रणा स्वस्थ बसली, मच्छीमारांवर मात्र तत्परतेनं कारवाई केली, आणि आता रुग्णाच्या धक्काबुक्कीवर बोट ठेवते. असा एकतर्फी खटला चालवणं म्हणजे अधिकाराचा गैरवापर. जपानमध्ये या कारणासाठी उच्च न्यायालयानं खटला फेटाळणं ही फारच अपूर्व घटना होती.

सर्वोच्च न्यायालयानं 1980मध्ये हा तर्क बराच आवळला. अगदी टोकाच्या प्रसंगीच आरोपपत्र रद्द होऊ शकतं आणि हा प्रसंग तसा नाही, असं त्यानं सांगितलं. पण उच्च न्यायालयाचा निर्णय उलटवला नाही. तो तसाच राहू देण्यात न्यायाची हानी नाही, असं म्हणून कावामोतोंना मोकळं ठेवलं. म्हणजे तत्त्व नाकारलं आणि माणूस सोडला. कायद्याच्या अभ्यासकांना हे अर्धवट वाटतं. मला मात्र उच्च न्यायालयाचा तो निकाल या साऱ्या कागदपत्रांतला सगळ्यात प्रामाणिक कागद वाटतो, कारण त्यात न्यायव्यवस्थेनं आपलीच यादी काढून तिचा क्रम तपासला.

तिसरा खटला : तेरा वर्षांचंही नसलेलं मूल

दिवाणी आघाडीवर रुग्ण तोवर जिंकले होते. 20 मार्च 1973 रोजी कुमामोतोच्या न्यायालयानं कंपनीला जबाबदार धरलं आणि 1959चा मिमाईकिनचा करार सार्वजनिक नीतीविरुद्ध म्हणून रद्दबातल ठरवला. प्रत्येक रुग्णामागे 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख येन भरपाई ठरली. फौजदारी आघाडी मात्र शांतच होती. शेवटी 4 मे 1976 रोजी चिस्सोचे माजी अध्यक्ष योशिओका किइची आणि कारखान्याचे माजी प्रमुख निशिदा एइची यांच्यावर आरोपपत्र दाखल झालं. कामातल्या निष्काळजीपणामुळे मृत्यू आणि इजा घडवल्याचा आरोप होता.

इथे नवी अडचण आली. गुन्हा 1958 ते 1960च्या सांडपाण्याचा. त्या विषानं माणसं मेली ती बरीच आधी. खटला भरायची मुदत उलटून गेली होती. आरोपपत्रात सात बळींची प्रकरणं होती, त्यातली सहा मुदतीबाहेर पडली. उरलं एकच. ते मूल 1960मध्ये जन्मलं होतं. आईच्या पोटात असतानाच त्याच्या मेंदूत पारा गेला होता. 1973मध्ये, तेरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत, ते वारलं. ते इतकी वर्षं तग धरून राहिलं, म्हणून त्याच्या मृत्यूची मुदत अजून संपली नव्हती.

बचाव पक्षानं मुद्दा काढला की विष गेलं तेव्हा ते मूल जन्मलेलंच नव्हतं. कायद्यानं ‘माणूस’ नव्हतं, मग माणसाला इजा कशी झाली? हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 29 फेब्रुवारी 1988 रोजी न्यायालयानं उत्तर दिलं. गर्भ हा आईच्या शरीराचा भाग आहे, आई माणूस आहे, म्हणून इजा माणसालाच झाली, आणि पुढे जन्मलेल्या माणसाचा तिच्यामुळे मृत्यू झाला. 1979मध्ये खालच्या कोर्टानं दिलेली शिक्षा कायम राहिली. दोन वर्षांचा कारावास, तीन वर्षांसाठी स्थगित. दोघांपैकी कोणीही एक दिवस तुरुंगात गेलं नाही.

कायद्याला काय दिसतं

या यादीकडे पाहून ‘सरकार कंपनीला विकलं गेलं होतं’ असं म्हणणं सोपं आहे. चिस्सोवर गावाचा कर आणि रोजगार अवलंबून होता, युद्धानंतर उभ्या राहणाऱ्या देशाला रसायनं हवी होती, हे सगळं खरंच आहे. पण मला यात आणखी एक, जास्त चिवट कारण दिसतं. फौजदारी कायदा एका प्रसंगाभोवती रचलेला असतो. कोणी, कुणाला, कुठे, केव्हा. पर्यावरणाच्या गुन्ह्यात प्रसंगच नसतो. रोज थोडं पाणी सुटतं, ते परवान्यानं सुटतं, त्याचा निर्णय बैठकीत होतो, आणि माणूस मरतो तो वर्षांनंतर, दुसऱ्याच गावात, आपल्या घरी. या उलट त्या पाण्याविरुद्धचा संताप मात्र एका दिवशी, एका फाटकावर, साक्षीदारांसमोर व्यक्त होतो. ज्याला प्रसंग दिसतो त्या कायद्याच्या जाळ्यात संताप आधी सापडणारच.

जपाननं हे ओळखलं. 1970च्या अधिवेशनात प्रदूषणाविषयीचे चौदा कायदे झाले. त्यात प्रदूषणाच्या गुन्ह्यांना शिक्षा देणारा स्वतंत्र कायदाही होता. विशिष्ट परिस्थितीत कार्यकारणसंबंध गृहीत धरायची सोय त्यात केली होती, म्हणजे खानावळीचा न्याय. पण तो मागच्या गुन्ह्यांना लागू होणार नव्हता, आणि पुढे 1987मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याची व्याप्ती इतकी अरुंद केली की तो क्वचितच वापरला गेला.

सरकारची स्वतःची जबाबदारी ठरायला 2004 उजाडलं. 1960च्या सुरुवातीपासून कायदे हाती असूनही देशानं आणि प्रांतानं सांडपाणी रोखलं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं तेव्हा मान्य केलं. मान्यता न मिळालेल्या रुग्णांचे दावे आजही चालू आहेत. 1 मे 2024 रोजी मिनामातात स्मृतिदिनानिमित्त पर्यावरणमंत्र्यांशी रुग्णांची भेट होती. प्रत्येकाला तीन मिनिटं दिली होती. वेळ संपल्यावरही बोलणाऱ्याचा मायक्रोफोन खात्याच्या अधिकाऱ्यांनी बंद केला. मंत्र्यांना आठवड्याभरात परत जाऊन माफी मागावी लागली.

आपल्याकडची यादी

दोन वर्षं हा आकडा भारतीय वाचकाच्या ओळखीचा आहे. भोपाळच्या खटल्यात 1996मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आरोप सदोष मनुष्यवधावरून निष्काळजीपणानं मृत्यू घडवण्यावर आणला, आणि जून 2010मध्ये सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. जामीन त्याच दिवशी मिळाला.

त्यानंतर आपण कायदा बदलला, पण वेगळ्या दिशेनं. पर्यावरण (संरक्षण) कायदा, 1986 मधल्या कलम 15 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. 2023च्या जनविश्वास कायद्यानं ती काढून तिथे 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड आणला, आणि तो ठरवण्याचं काम कोर्टाकडून अधिकाऱ्याकडे गेलं. 1 एप्रिल 2024पासून हे लागू आहे. या बदलाची बाजू मांडणारे म्हणतात की खटले वर्षानुवर्षं रखडतात, शिक्षा जवळजवळ होतच नाही, त्यापेक्षा चटकन वसूल होणारा दंड बरा. या म्हणण्यात तथ्य आहे. वीस वर्षांनी येणारं आणि स्थगित होणारं आरोपपत्र कोणाला वाचवतं? मिनामाताला लागलं असतं ते 1957मध्ये दिलेलं एक बंदीचं पत्र. तेवढंच.

पण दंडाचा हिशेब कंपनीला आधी करता येतो. 1959चा करार हा हिशेबच होता. वर्षाला 1 लाख येन प्रत्येकी, एवढ्यात समुद्र वापरायला मिळत होता. आणि दुसरं असं, की कैद सगळीकडून गेलेली नाही. भारतीय न्याय संहितेत हवा आरोग्यास घातक केल्याबद्दल 1 हजार रुपयांपर्यंत दंड आहे. 1860च्या दंड संहितेत तो 500 होता. त्याच संहितेत बेकायदा जमावात सामील होण्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद आहे आणि दंगलीबद्दल दोन वर्षांपर्यंत. माणसं मेली तर निष्काळजीपणाचं कलम आहेच, पण मृत्यू आणि सांडपाणी यांच्यामधलं अंतर कोर्टात पार करायला किती काळ लागतो ते आपण पाहिलं.

म्हणून कुठल्याही नदीच्या, खाणीच्या, कारखान्याच्या प्रकरणात मी आता एकच यादी मागतो. किती दंड झाला, कोणती समिती नेमली, हे नंतर. आधी मला सांगा, त्या गावात पहिला गुन्हा कोणावर नोंदवला गेला आणि कोणत्या तारखेला. सांडपाणी सोडणाऱ्यावर, की फाटकासमोर बसलेल्यांवर? पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत हे उत्तर असतं. ते शोधायला विद्यापीठाचा अहवाल लागत नाही.